नापासांची पंगत

आमच्या घरात रद्दी विकत आणावी लागत नसे, पत्रकं असत. फडताळातल्या डब्यांखाली पत्रकं, गरम भाकरी काढून ठेवायला पत्रकं, पावसाळ्यात खिडकीच्या फटीत पत्रकं. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. त्यामुळं मला काना-मात्रेच्या आधी उद्गारचिन्ह आलं. चौथीत बाईंनी 'आमची सहल' हा निबंध लिहायला सांगितला, तर माझी सुरुवात होती, "बंधू-भगिनींनो, जागे व्हा!" सहलीत जागं कशाला व्हायचं, असं बाईंनी लाल शाईत विचारलं होतं. त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण उद्गारचिन्ह काही सुटलं नाही, आणि आज मी जे काही लिहिते त्यावर लोक रागावतात तेही बहुतेक त्याच्यामुळंच.

पत्रकं आबांची होती. माझे वडील, गावाचे आबा, 'काळी माती मंच'चे संस्थापक आणि कायमचे अध्यक्ष. आमचं गाव शिरूरच्या अलीकडं, कंपन्यांच्या कुंपणाला पाठ लावून बसलेलं. एका बाजूला शेवंतीचे आणि कांद्याचे वाफे, दुसऱ्या बाजूला रात्रंदिवस भोंगे. कंपन्या आल्या, त्यांच्यामागं माणसं आली: बिहारची, ओडिशाची, उत्तर प्रदेशातली. गावातल्या पोरांना गेटवर उभं करत नाहीत आणि बाहेरच्यांना घेतात, हा मंचाचा मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हता, आजही नाही. कंत्राटदाराला घरी आजारी आई असलेला, सुट्टी मागणारा, ओळखीच्या नेत्याला फोन लावणारा कामगार नको असतो. पण कंत्राटदार कधी समोर दिसत नसे, आणि बिहारचा रामसजन रोज संध्याकाळी आमच्याच घरी जेवायला येई. त्यामुळं मंचाचा सगळा राग रामसजनच्या वाट्याला जाई, आणि रामसजनला भूक लागलेली असल्यानं ते कळत नसे.

कारण घराला दोन तोंडं होती. पुढच्या ओसरीत मंच भरायचा आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आईची खानावळ चालायची. पुढं 'परप्रांतीय चले जाव' असा ठराव, मागं परप्रांतीयांना दुसऱ्यांदा भात. मधे एक भिंत होती, तिला खिडकी होती आणि त्या खिडकीतून मंचाचा चहा यायचा. गर्दीच्या दिवशी चहाचा ट्रे रामसजनच आणून द्यायचा. सगळे कप उचलायचे, "ठेव ठेव" म्हणायचे, आणि तो गेला की ठराव पुढं चालू व्हायचा. मागच्या बाजूनं कुकरच्या शिट्ट्या, ताटांचा खणखणाट, भोजपुरी, ओडिया आणि मोडकी मराठी. पुढं आबांचा आवाज. मी दोन्हीकडं असायची, पुढं ठराव लिहून घ्यायला आणि मागं भाकऱ्या वाढायला.

रामसजन वयानं सगळ्यांत मोठा. पानावर बसला तरी तो घास घेत नसे. मान वर करून ओळीवर नजर फिरवायचा आणि विचारायचा, "सगल्यांना वाढला का, मंजुला दीदी?"

"सगळ्यांना. ळ, ळ. आणि मी मंजुळा."

"हां हां, मंजुला."

रोज हेच. त्याची जीभ 'ळ'च्या दारापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची. मला त्याचा फार राग यायचा. आबांनी हौसेनं ठेवलेलं नाव, आणि हे लोक त्याचं मधलं हाड काढून मऊ करून टाकतात!

आई दौंडची. दौंड आमच्यापासून लांब नाही, पण सुट्टीत आजोळी गेलं की वेगळ्याच देशात आल्यासारखं व्हायचं. माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते, तेलुगू बोलणारे. त्यांच्या क्वार्टरच्या ओळीत एक तमिळ घर, एक सिंधी, दोन मराठी, आणि टोकाला एक म्हातारी मॅडम, जी कुत्र्याशी इंग्रजीत आणि भाजीवाल्याशी सणसणीत मराठीत भांडायची. तिथं कुणाला "तुम्ही मूळचे कुठले?" विचारलं तर माणसं स्टेशनचं नाव सांगत. वाडी, गुंतकल, मनमाड. त्याच्या मागं काय होतं हे कुणाला ठाऊक नसे आणि ठाऊक करून घ्यायची घाईही नसे. त्याच दौंडजवळ रुळाकडेला आबा आपल्या वडिलांची मेंढरं चारत होते, ती रुळावर गेली, आजोबा लाल झेंडी घेऊन शिव्या देत धावले आणि त्यांच्यामागं डबा घेऊन आई धावली. शिव्या तेलुगूत असल्यामुळं आबांना त्या फार गोड वाटल्या म्हणे. लग्नाला दोन्हीकडचं कुणी आलं नाही. एवढं सगळं होऊनही आबा ठामपणे म्हणायचे, "ती माझ्याशी लगीन केल्यापास्नं मूळची."

आणि आबा स्वतः? प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर छापलेलं असायचं, 'सात पिढ्यांपासून याच मातीत!' आमचं घराणं मेंढरं राखणारं. दसरा झाला की वाडा हलायचा. वाडा म्हणजे घर नव्हे, तर घोड्यावर बांधलेला संसार, कोंबड्या, पोरं आणि पुढं मेंढरं. पाऊस पडेपर्यंत मुक्काम रोज नवा. आबांच्या वडिलांनी म्हातारपणी मेंढरं विकून इथली जमीन धरली. मी एकदा प्रूफ तपासताना विचारलं होतं, "आबा, सात पिढ्या या मातीत म्हणजे कुठं राहायच्या?"

"मेंढरांच्या मागं."

"मग माती कुठली?"

आबांनी जरा विचार केला. "पायाला लागंल ती," ते म्हणाले. "छाप तू."

मी छापायला दिलं. आता वाटतं, आबांनी आयुष्यात बोललेलं सगळ्यांत खरं वाक्य तेच होतं आणि नेमकं तेच पत्रकात आलं नाही.

मी बारावीत होते त्या वर्षी आबांचे दात गेले. मंचाच्या जीपवर उभं राहून ते माइकवर बोलत होते. गावच्या कमानीजवळ मंचानंच आंदोलन करून घेतलेला गतिरोधक होता, बाहेरच्या ट्रकांचा वेग कमी व्हावा म्हणून. जीप त्यावरून उडाली आणि माइक आबांच्या तोंडात गेला. पुढचे दात तिथंच पडले. राहिलेले तंबाखूनं आधीच खिळखिळे झाले होते, ते शिरूरच्या डॉक्टरनं काढून टाकले. वरचा जबडा मोकळा झाला. पुढचे काही आठवडे आबा तोंडावर उपरणं धरून बोलत. जीभ दात शोधत मागं जाई, त्यामुळं 'सात पिढ्या'चं 'शाठ पिढ्या' होऊ लागलं. किसनआप्पा टाळ्या वाजवायचा, कारण इतिहास वाढत होता.

हा किसनआप्पा मंचाचा सचिव. फुलांची शेती आणि कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांची लांबलचक चाळ. त्याचा भाषणातला आवाज सगळ्यांत चढा होता आणि त्याच्या चाळीत सगळ्यांत जास्त परप्रांतीय होते. त्याच सुमारास एका बैठकीत प्रश्न निघाला: बाहेरचा ओळखायचा कसा? आधार कार्ड बघावं तर सगळ्यांच्या कार्डावर आपल्याच गावचा पत्ता. तो पत्ता किसनआप्पाच्याच चाळीचा.

"त्ये व्यवहाराचं झालं," किसनआप्पा म्हणाला. "आपुन रक्ताचं बोलतोय."

"रगत कसं बघायचं?" कुणीतरी विचारलं.

तेवढ्यात खिडकीतून चहा आला आणि रामसजननं ट्रेबरोबर डोकं आत घालून विचारलं, "आबा, केला पाहिजे का? मौसीनं केला दिला."

"काय केला?"

"केला. खायचा केला."

तो केळ्यांबद्दल बोलत होता. तो गेला आणि किसनआप्पानं मांडीवर थाप मारली. "घावलं! आबा, घावलं! ळ! ह्यांच्या बापजन्मात कुणाला ळ म्हणता यायचा न्हाई. ज्याला ळ येतो तो आपला, ज्याला न्हाई त्यो भाईरचा. कागूद नगं, कार्ड नगं. तोंड उघड म्हणायचं!"

ओसरीत वीज खेळली. मीही त्यात होते. आपल्या भाषेचं एक अक्षर आपल्या दारावर पहारेकरी म्हणून उभं राहतंय, ही कल्पना मला तेव्हा भयंकर सुंदर वाटली. मग ठराव झाला. मारुतीच्या पारावर परीक्षा घ्यायची. जो नापास होईल त्याला त्या दिवसापासून गावात ना खोली, ना जेवण.

"खोल्यांचं आपण टप्प्याटप्प्यानं बघू," किसनआप्पा घाईनं म्हणाला. "करार झालेत माझे. आधी जेवान बंद करू."

"म्हंजी वहिनींची खानावळ?" मागून कुणीतरी म्हणालं.

भिंतीपलीकडं पोळपाटाचा आवाज थांबला. ती खानावळ आईनं एका स्टोव्हवर सुरू केली होती. आबांच्या शेवंतीला भाव कधी मिळे, कधी नाही. मंचाचा खर्च मात्र नेहमी असे. घर खानावळीवर चालायचं, आणि मी पुढं शिरूरच्या कॉलेजात जाणार की नाही हेही त्याच शेडवर ठरणार होतं.

"चळवळ म्हणल्यावर घरातनंच शुरुवात करावी लागती," आबा शेवटी म्हणाले. 'चळवळ' मात्र बिनदातांच्या तोंडातून स्वच्छ आलं.

पत्रक मी लिहिलं. परीक्षेचं वाक्यही मीच तयार केलं, 'बाळू गवळ्यानं सकाळी खळ्यावर काळा गूळ उकळला.' गवळी गूळ का उकळतो, असं कुणी विचारलं नाही. पण एका गोष्टीवर मी अडून बसले. नियम असेल तर सगळ्यांना सारखा. परीक्षा आधी गावाची, मग पाहुण्यांची, आणि सगळ्यांत आधी अध्यक्षांची. पत्रकांवर वाढलेली मुलगी होते मी. जे छापलं ते पाळायचं असतं, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. आईला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "हे 'नियम सगळ्यांना सारखा' आहे ना, ते जाड अक्षरात घे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आबांची कवळी आली. पारावर बोळक्या तोंडानं बसणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी डॉक्टरच्या मागं लागून ती घाईनं करून घेतली. मोत्यासारखे दात आणि वर टाळूला गुलाबी छप्पर. डॉक्टर म्हणाले, एक दिवस फार बोलू नका, बसू द्या. आबा दिवसभर मुके राहिले आणि आरशात हसत राहिले.

रविवारी सकाळी पार भरला. माइक माझ्या हातात होता. पास होणाऱ्यांनी उजवीकडं उघड्यावर उभं राहायचं, नापासांनी डावीकडं पाण्याच्या टाकीखाली. सावली नेमकी टाकीखाली होती, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आबा उठले. फेटा, पांढरे दात. गावानं टाळ्या वाजवल्या. त्यांनी घसा साफ केला आणि माइकमध्ये म्हणाले, "बालू गवल्यानं सकाली खल्यावर काला गूल उकलला."

आबांनी परत म्हटलं. परत तेच. जीभ वर जात होती, पण तिला टाळू सापडत नव्हता, प्लास्टिक सापडत होतं.

"काढा की आबा," किसनआप्पा कानाशी लागला, पण माइक चालू होता. "काढा आन् म्हणा."

आबांचा हात तोंडाकडं गेला. समोर सगळं गाव, त्यात सुना-लेकी, आणि निम्म्यांचे मोबाईल वर धरलेले. हात खाली आला.

"अध्यक्षांना सूट!" किसनआप्पा ओरडला.

"सूट नाही," मी म्हणाले. "छापलंय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग उपरणं झटकलं, आणि काळी माती मंचाचे संस्थापक अध्यक्ष चालत जाऊन एकटेच टाकीखाली उभे राहिले.

पुढं काही आवरलंच नाही. किसनआप्पाची थोरली सून जळगावकडची. ती पदर सावरून म्हणाली, "बायू गवय्यानं सकायी खय्यावर काया गूय उकयला."

"सूनबाई, चेष्टा नगं!"

"मामंजी, आमच्याकडे असंच म्हणतात. काया म्हणजे काया."

"पर तू तर मराठीच हायस!"

"मग मी नापास कशी?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आबांशेजारी सावलीत जाऊन उभी राहिली. तोतरा शिंपी तिकडं गेला, अर्धांगवायू झालेले माजी सरपंच खुर्चीसकट तिकडं गेले. एका म्हाताऱ्यानं वाक्य स्वच्छ म्हटलं, मग उन्हाकडं पाहून मला विनवलं, "पोरी, मला बी नापास कर की. चक्कर येतीया."

मग पाहुण्यांची पाळी. रामसजन अपेक्षेप्रमाणं पडला. त्याच्यामागं नबीन आला, ओडिशाचा, कंपनीत प्रेस मशीनवर काम करणारा लाजाळू पोरगा. त्यानं एका दमात वाक्य म्हटलं. प्रत्येक ळ जागच्या जागी, गोल, घट्ट. मी परत म्हणायला लावलं. परत तेच.

"कुठं शिकलास?" किसनआप्पा हबकला.

"हमारे में भी है ये," नबीन म्हणाला. "केला को हम कदळी बोलते."

"कदळी?" किसनआप्पानं डोक्यावरची टोपी मागं सरकवली. "आरं, ह्ये तर आपल्यापरीस जुनं मराठी निघालं!"

नबीन उन्हात उभा राहिला. नियमानुसार तो आता सात पिढ्यांचा होता.

शेवटी आई आली, हाताला पीठ तसंच. तिचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. माइक न घेताच तिनं वाक्य म्हटलं, आणि म्हणाली, "किसनभावजी, आमच्या तेलुगूत पाण्याला नीळ्ळू म्हणतात. नुसत्या पाण्यात दोन ळ आहेत आमच्या. तुमच्या पाण्यात एक तरी आहे का?"

किसनआप्पा 'पाणी' हा शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघत राहिला.

संध्याकाळी शेडमध्ये नबीन आणि आणखी दोघं-तिघं पानावर बसले होते. रामसजन आणि बाकीचे नापास अंगणात रिकामी ताटं घेऊन उभे. आईनं कडक नियम लावला होता. अंबाडीची भाजी, डाळ, ज्वारीच्या भाकऱ्या, कांदा, सगळं तयार, सगळं झाकलेलं. आबा दिवसभर शेतात बसून होते. ते पुढच्या दारानं आले आणि ओसरीत नेहमीच्या जागी बसले. ताट आलं नाही.

"जेवाय आन गं," आबांनी हाक दिली.

"तुम्ही टाकीखालचे," आतून आई म्हणाली.

"मी अध्यक्ष हाय!"

"अध्यक्ष जेवतील असं कुठं छापलंय? बघ गं मंजुळा."

मी पत्रक वाचून पाहिलं. तसं छापलेलं नव्हतं. आबा उठून मागं आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भाकरीचा वास सुटला होता. त्यांनी अंगणभर नजर टाकली, भिंतीकडं तोंड केलं, कवळी काढून वाटीत ठेवली आणि वळून खणखणीत म्हणाले, "बाळू गवळ्यानं शकाळी खळ्यावर काळा गूळ उकळला!"

नबीननं टाळी वाजवली. आईनं लगेच ताट वाढलं. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि थांबले. हिरड्यांना भाकरी ऐकेना. त्यांनी वाटीतून कवळी उचलून बसवली. आईनं ताट मागं ओढलं.

"आता परत म्हणा."

"आत्ताच म्हणलं न्हवं!"

"ते बोलणारं तोंड होतं. जेवणारं तोंड पास व्हायला पाहिजे."

आबांनी एकदा ताटाकडं पाहिलं, एकदा रिकाम्या वाटीकडं. दात घातले तर बाहेरचा, काढले तर उपाशी. अंगणात कुणी हसत नव्हतं. रामसजन ताट छातीशी धरून आबांकडं पाहत होता, आणि मला वाटतं त्याला आबांचीच काळजी वाटत होती.

"ह्यांना बी उपाशी ठिवलंस?" आबांनी विचारलं.

"मी नाही. तुम्ही ठेवलं. ठराव तुमचा."

"ठराव गेला खड्ड्यात."

"मग तसं सांगा. ओसरीत सांगता तसं, मोठ्यानं."

आबांनी उपरणं खांद्यावर घेतलं. भाषणाला उभे राहत तसे ते अंगणात उभे राहिले, कवळी तोंडात, मान ताठ, आणि म्हणाले, "सगल्यांना वाढ, मंजुला!"

"बराबर बोले, आबा!" रामसजनचा चेहरा फुलला. "सगल्यांना!"

ताटं वाजत पंगत बसली. आबा रामसजनशेजारी मांडी घालून बसले आणि त्याच्यासारखंच, ओळभर वाढून होईपर्यंत भाकरीला हात न लावता थांबले. इतकी वर्षं ज्या नावावरून मी भांडत आले ते माझ्या बापाच्या तोंडून असं हाडाशिवाय आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. "ओ" दिली, टोपलं उचललं आणि दाराशी बसलेल्यांपासून वाढायला सुरुवात केली.